कधीपासून दुखतंय?

रेइनो कालिओच्या छातीत स्वतःचं असं कधीच दुखलं नाही. सोंगात मात्र ती हजारो वेळा दुखली असेल.

सुपिरिअर सरोवराच्या उत्तर काठावरच्या आमच्या शहरात, बंदरावर, धान्याची उंच कोठारं आहेत. त्यातल्या एकात त्यानं चौतीस वर्षं काढली. आगगाडीनं आलेला गहू उतरवायचा, पट्ट्यावरून वर चढवायचा, जहाजात सोडायचा. बाप फिनलंडहून जंगलतोडीला आलेला; घरात बोलणं कमी आणि कॉफी जास्त. निवृत्त झाल्यावर हा माणूस दोन महिने नुसता खिडकीत बसला. शेवटी त्याच्या बायकोनं, सिल्वीनं, वर्तमानपत्रातला एक चौकोन कापून त्याच्या कॉफीच्या बशीखाली ठेवला. वैद्यकीय विद्यालयाला रुग्णाचं सोंग घेणारी माणसं हवी होती. जाहिरात मीच दिली होती. ते काम माझ्याकडे होतं.

मी बर्निस. विद्यार्थ्यांना खऱ्या रुग्णावर हात टाकायच्या आधी सोंगाच्या रुग्णावर शिकवायचं, त्यासाठी दुखण्यांच्या गोष्टी लिहायच्या, माणसं तयार करायची आणि परीक्षा घडवून आणायच्या, हे माझं खातं. रेइनो पहिल्या दिवशी टोपी हातात धरून आला आणि म्हणाला, "मला नाटक येत नाही हं. शाळेत मला झाड केलं होतं, तेसुद्धा हललं."

पण त्याला दुखणं यायचं. छातीत दुखण्याच्या सहा गोष्टी मी त्याला दिल्या आणि सहाही त्यानं अंगात भिनवल्या. हृदयाचं दुखणं असेल तर तो मूठ छातीवर ठेवायचा, बोट नाही. सावकाश बोलायचा, जिना चढताना येतं आणि थांबलं की जातं म्हणायचा. पित्ताचं असेल तर हात पोटापासून गळ्यापर्यंत वर न्यायचा. बरगडीचं असेल तर एका बोटानं नेमकी जागा दाखवायचा आणि विद्यार्थ्यानं तिथं दाबलं की "आई गं!" करून उडायचा. फुप्फुसात गुठळी अडकलेला माणूस झाला की श्वास अर्ध्यावर तोडायचा आणि विचारलं तरच सांगायचा, की परवा चौदा तास गाडी चालवली आणि पोटरी सुजली आहे. मोठी धमनी आतून फाटत असलेला माणूस त्याला सगळ्यात अवघड जायचा, कारण त्यात एका जागी बसताच येत नाही. सहावी गोष्ट नुसत्या धास्तीची. तीही तो इतकी खरी करायचा की मुली त्याला पाणी आणून द्यायच्या.

सोंग संपलं की तो विद्यार्थ्याला चार शब्द सांगायचा. त्यासाठी मुलं त्याला मानायची.

"तू गोड बोललास. पण माझी पोटरी बघितली नाहीस. मी आत्ता मेलेला आहे."

"सॉरी, मिस्टर कालिओ."

"मला नको म्हणू. माझ्या विधवेला म्हण."

त्याचा एक आवडता धडा होता, तो प्रत्येकाला मिळायचा. "कधीपासून दुखतंय, हे एकदा विचारून थांबायचं नाही. लोक खोटं बोलतात. वाईट असतात म्हणून नाही, लाजतात म्हणून. थोड्या वेळानं परत विचार, वेगळ्या शब्दांत विचार, आणि ज्याचं दुखतंय त्यालाच विचार."

एप्रिल महिना होता, सरोवराचा बर्फ नुकता फुटत होता. शनिवारी आमची वर्षातली मोठी परीक्षा होती. रेइनोला बारा विद्यार्थ्यांसमोर हृदयाचं दुखणं करायचं होतं. शुक्रवारी दुपारी मी त्याला फोन करून म्हटलं होतं, "वेळेवर ये रे बाबा. तू नसलास तर माझी परीक्षा बुडाली."

त्या शुक्रवारी संध्याकाळी काय झालं ते त्यानं मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

सिल्वी परसातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, लाकडं नेत होती. दुसऱ्या खेपेला मधेच थांबली, लाकडं पायरीवर ठेवली आणि आत आली.

"माझ्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, कुणी जड काहीतरी ठेवल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "आणि खालचे दात ठणकताहेत."

रेइनोनं तिला खुर्चीत बसवलं आणि तपासायला घेतलं. अगदी आमची मुलं घेतात तसं.

"छातीत दुखतंय?"

"नाही. पाठीत म्हटलं ना."

"इथे दाबल्यावर?"

"आई गं! अरे, असा कोठारातला हात लावलास तर घोड्यालाही दुखेल."

"म्हणजे स्नायू," रेइनो म्हणाला. "हृदयाचं दाबल्यावर दुखत नसतं. लाकडं एका दमात उचललीस, भरला स्नायू. दातांचं दाताच्या डॉक्टरला दाखव." त्यानं तिच्या पाठीला मलम चोळलं. ती बसून राहिली, आणि थोड्या वेळानं बरं वाटलं. बसल्यावर बरं वाटलं, ही गोष्ट त्याच्या कानांवरून गेली. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी बारा विद्यार्थ्यांनी आपल्याकडून काढून घ्यावी म्हणून तो निघणार होता.

शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरात टेबलाला धरून बसली होती. कपाळावर घाम. समोरची कॉफी तशीच. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सिल्वीनं सकाळची कॉफी सोडलेली त्यानं पाहिली नव्हती.

"परत तेच होतंय, आणि आता जात नाहीये," ती म्हणाली. "मळमळतंय पण."

रेइनोच्या अंगात कोट होता आणि हातात गाडीची किल्ली. "मग पित्त आहे," तो म्हणाला. "काल हेरिंग मासा खाल्लास ना? त्याचं." औषधाच्या कपाटातून त्यानं पित्तावरच्या, खडूसारख्या गोळ्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. "दोन चघळ आणि पड. मी राहू का?"

हा प्रश्न त्यानं दारात उभं राहून विचारला होता.

"जा तू," सिल्वी म्हणाली. "तुझी परीक्षा आहे."

त्या दिवशी रेइनोनं केलं तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. बारा वेळा मूठ छातीवर ठेवली, बारा वेळा ओठ पांढरे केले. एक बाहेरचे परीक्षक मला म्हणाले, "या माणसाला खरंच काही नाही ना?" मधल्या सुटीत सँडविच खाता खाता रेइनो मला म्हणाला, "सिल्वीला तपासून आलोय सकाळी. स्नायू आणि पित्त, दोन्ही एकदम."

मी हसले. म्हटलं, "वा, डॉक्टर कालिओ! दारावर पाटी कधी लावताय?"

मी तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. दुखण्यांच्या गोष्टी लिहिणं हेच माझं काम, आणि समोरचा माणूस मला एक सांगत होता, तीही अर्धवट. मी पाटीचा विनोद केला आणि त्याला आणखी एक लोणच्याची काकडी दिली.

संध्याकाळी तो घरी गेला तर सिल्वी आरामखुर्चीत होती, राखेच्या रंगाची. "थकलेय फक्त," म्हणाली. त्यानं अंडी केली. तिनं एक घास खाल्ला. रात्रभर ती खुर्चीतच बसून राहिली, आडवं झालं की गुदमरतं म्हणून. रविवारी सकाळी केस विंचरायला हात वर केला आणि हात तसाच खाली पडला. मग मात्र रेइनो घाबरला. अँब्युलन्स बोलवायची सोडून त्यानं तिला गाडीत घातलं आणि स्वतःच निघाला. वाटेत दोन लाल सिग्नल तोडले, असं तो सांगतो. त्याबद्दल त्याला काही वाटत नाही. अँब्युलन्स न बोलावल्याचं वाटतं.

तातडीच्या विभागात त्या सकाळी डॉक्टर लेस्या होर्बाय होती. बंदराजवळच्या होर्बाय बेकरीवाल्यांची मुलगी, आमच्याच विद्यालयात शिकलेली. रेइनोच्या हाताखालून गेलेली. त्याला पाहून ती हसलीच. "काय मिस्टर कालिओ, आज रविवारी कुणाची परीक्षा?"

"मी नाही," रेइनो म्हणाला. "ही."

लेस्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. सिल्वीला खाटेवर घेतलं, तारा लावल्या, हृदयाच्या आलेखाचा कागद निघाला. लेस्यानं कागदाकडे पाहिलं आणि ॲस्पिरिन चघळायला दिली. "हृदयाचा झटका आहे," ती म्हणाली. "कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून," रेइनो म्हणाला. "सातच्या सुमाराला सुरू झालं. दोन तास झाले असतील."

त्यानं ठरवून खोटं सांगितलं नव्हतं. पुढे एकदा तो मला म्हणाला, "बर्निस, काल सकाळपासून म्हटलं असतं, तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता. काल तुम्ही कुठे होतात?"

तेव्हा आमच्या शहरात हृदयाच्या नळीत तार घालून अडथळा काढायची सोय नव्हती. त्यासाठी विमानानं दक्षिणेला न्यावं लागायचं. इथं गुठळी विरघळवायचं औषध होतं, शिरेतून द्यायचं. दुखणं ताजं असेल तर त्यानं जीव वाचतो. दिवस उलटला असेल तर फायदा फारसा नाही, आणि मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका मात्र तेवढाच. लेस्यानं औषध तयार ठेवायला सांगितलं. नर्स बाटली आणायला गेली.

लेस्या बाहेर जाऊन दोन मिनिटांनी परत आली आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला, सिल्वीजवळ जाऊन उभी राहिली.

"मिस्टर कालिओ, तुम्हीच शिकवलंय, म्हणून परत विचारते. मिसेस कालिओ, शेवटचं अगदी बरं, नेहमीसारखं कधी वाटत होतं तुम्हाला?"

सिल्वीनं नवऱ्याकडे पाहिलं. रेइनो खाटेच्या दांडीकडे पाहत होता.

"आज सकाळी," सिल्वी म्हणाली. "सातपर्यंत बरी होते. तो म्हणतो तसंच."

ती खोटं बोलली. तोंडातून धड शब्द निघत नव्हता, आणि जे निघाले ते तिनं त्याची अब्रू राखायला वापरले.

नर्स बाटली घेऊन आली. तिनं बाटली टांगली, नळी हातात घेतली.

"थांबा," रेइनो म्हणाला. "परवापासून. शुक्रवारी संध्याकाळी लाकडं आणताना सुरू झालं. काल सकाळी वाढलं, ते थांबलेलं नाही. तिनं मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मी म्हटलं पित्त आहे, आणि तुमच्या परीक्षेला गेलो."

लेस्यानं हात वर करून नर्सला थांबवलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं रेइनो म्हणतो. तिनं फक्त म्हटलं, "तुम्ही जरा त्या खुर्चीत बसा." आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून सिल्वीला विचारले. खुर्ची भिंतीला लागून होती. तिथं बसून रेइनोनं आपल्या बायकोचं दुखणं पहिल्यांदा सबंध ऐकलं. दिवाळखोर आपला हिशेब ऐकतो तसा ऐकत होतो, म्हणतो. चार आठवड्यांपासून तिला जिना चढताना दम लागत होता, हेही त्याला तिथंच कळलं.

गुठळीचं ते औषध दिलं नाही. दुसरी औषधं सुरू केली आणि दुपारच्या विमानानं तिला दक्षिणेला नेलं. तिथं नळी उघडली. सिल्वी वाचली. पण हृदयाच्या भिंतीचा एक मोठा तुकडा आदल्या दिवशीच मेला होता. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. बाकीचं हृदय हलत होतं आणि तेवढा भाग नुसता ओढला जात होता.

नवव्या दिवशी ती घरी आली. पहिलं भांडण कशावरून झालं असेल? मला वाटलं होतं, शनिवारवरून. तसं नव्हतं.

"तुझ्यासाठी मी त्या पोरीसमोर खोटं बोलले," सिल्वी म्हणाली, "आणि तू मलाच खोटं पाडलंस? बेकरीत पाव आणायला आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

रेइनो रडायला लागला. भांडण तिथंच संपलं.

मे महिन्यात तो माझ्या खोलीत आला. सोंगाच्या रुग्णांना आम्ही मागे बंद बांधायचा निळा झगा देतो, तो त्यानं धुऊन, इस्त्री करून आणला होता. "हे घे. मी आता येणार नाही. अकरा वर्षं मी मुलांना विचारायला शिकवलं, आणि घरात एक प्रश्न मला नीट विचारता आला नाही."

मी त्याला बसवलं. कपाटातून त्याच्या सहा गोष्टींचे कागद काढले, समजूत घालायला म्हणून. म्हटलं, तुझ्यामुळे किती मुलं शिकली बघ. आणि कागद टेबलावर मांडताना माझ्याच लक्षात आलं. एकावर वय अठ्ठावन्न, ट्रकचालक. एकावर चौसष्ट, सुतार. एकावर सत्तेचाळीस, शिक्षक. सहाच्या सहा पुरुष. सहाही जणांचं पहिलं वाक्य एकच: माझ्या छातीत दुखतंय. मी एकटीनं लिहिलेल्या गोष्टी, मी स्वतः बाई. रेइनो हाताशी होता म्हणून मी त्याच्या मापानं लिहीत गेले आणि अकरा वर्षं तेवढंच शिकवत राहिले. त्यातच रेइनोही शिकला होता.

"छातीत दुखतंय असं ती म्हणालीच नाही," तो म्हणाला.

"माझ्या कागदावर तसं न म्हणणारं कुणी नव्हतंच," मी म्हटलं.

आणि झगा परत त्याच्यासमोर सरकवला.

सातवी गोष्ट आम्ही त्या उन्हाळ्यात लिहिली. सिल्वीला विचारून लिहिली. ती स्वयंपाकघरातून दुरुस्त्या सांगायची. "जड नाही लिहायचं. ओलं लाकूड पाठीवर बांधल्यासारखं, असं लिही." सोंग तूच कर, असं मी तिला म्हटलं तर ती म्हणाली, "मागून उघडा झगा घालून पोरांसमोर? मेल्यावर." ते काम इर्या नावाच्या एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी घेतलं. परीक्षेच्या खोलीत आणखी एक माणूस लागत होता: नवरा. मधेमधे बोलणारा, बायकोच्या आधी उत्तर देणारा, स्नायू आहे, पित्त आहे सांगणारा. त्याला बाजूला सारून बाईपर्यंत पोचायचं, ही विद्यार्थ्यांची परीक्षा.

"तो मीच करणार," रेइनो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तो इतका वाईट जमायचा नाही."

आणि खरोखर इतका वाईट तो त्यानं केला की मला काचेआडून बघवायचं नाही. मुलं त्याच्यावर चिडायची. एकीनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. निम्मी मुलं मात्र त्याचं ऐकत बसायची, मान डोलवायची आणि पित्ताचं औषध लिहून द्यायची. अशी मुलं निघून गेली की रेइनोला उठायला वेळ लागायचा. घरी सिल्वी रोज विचारायची, "आज किती जणांनी हाकललं?" आकडा मोठा असला की तिला भूक लागायची.

तिसऱ्या वर्षी एक विद्यार्थी आला, शांत, जाडजूड चष्म्याचा. त्यानं रेइनोला हाकललं नाही, त्याच्याशी वादही घातला नाही. बाईंना सगळं विचारून झाल्यावर तो रेइनोकडे वळला आणि म्हणाला, "आणि तुम्ही? तुम्ही घाबरला आहात का?"

असा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. उत्तरही लिहिलेलं नव्हतं.  रेइनो सोंगातून उठून, स्वतःच्या आवाजात म्हणाला, "हो. फार."

परीक्षा थांबवावी लागली. त्याला मी घरी सोडायला गेले. सिल्वी खिडकीजवळच्या पलंगावर होती. आता तिला खोलीतल्या खोलीतही दम लागायचा. त्यानं कोट न काढताच तिला सगळं सांगितलं. त्या सकाळी कॉफी तशीच पाहिली आणि मी घाबरलो होतो, म्हणाला. म्हणून मी इतक्या घाईनं पित्त म्हटलं. पित्त असतं तर बरं होतं ना.

"मला तेव्हाच कळलं होतं," सिल्वी म्हणाली. "घाबरलास की तू शहाणपणा शिकवतोस. लग्नाच्या दिवशी पाद्र्यालाही शिकवला होतास."

"कळलं होतं, तर मला जा का म्हणालीस?"

सिल्वीनं पांघरूण जरा सारखं केलं. "कारण तू राहिला असतास," ती म्हणाली, "तर ते खरं झालं असतं."

मी दारातच उभी होते. रेइनो पलंगाच्या कडेला बसला, आणि तिनं त्याच्या कोटाची बटणं एकेक करून सोडवली.

सिल्वी त्यानंतर दोन हिवाळे काढून गेली. सातवी गोष्ट विद्यालयात अजून चालते. नवऱ्याचं काम आता दुसरा एक माणूस करतो, आणि ती गोष्ट शिकवायला डॉक्टर होर्बाय येते. तू खरं बोललास म्हणून सिल्वीला पुढची पाच वर्षं मिळाली, असं लोक रेइनोला सांगतात, मीही एकदा सांगून पाहिलं. त्यानं मान हलवली. "पाच वर्षं लेस्यानं दिली," तो म्हणाला. "शनिवार माझा."